फिट, उपास आणि तोललेलं ताट : कीटोजेनिक आहाराची शंभर वर्षं

सिनॉप्सिस लिहिताना सगळ्यात जास्त वेळ कशात गेला, असं तुमच्यापैकी काही जण विचारतात. माझा वेळ एका शब्दात गेला. तो शब्द होता ‘औषधरोधी’.

माझा मूळ विषय जीवरसायनशास्त्र. एम.एस्सी.ला कीटोन बॉडीजचा धडा मी परीक्षेपुरता पाठ केला होता, मार्क मिळाले, विसरून गेलो. पुढे पीएच.डी.साठी विषय शोधताना लहान मुलांचा अपस्मार आणि कीटोजेनिक आहार यावरचे पेपर हाती लागले आणि एकदम वाटलं, हा आपला विषय. घर डहाणू तालुक्यात, त्यामुळे क्षेत्रही ठरलेलं. पहिल्या मसुद्याचं शीर्षक झोकात लिहिलं : ‘डहाणू व तलासरी तालुक्यांतील औषधरोधी अपस्मार असलेल्या बालकांमध्ये कीटोजेनिक आहाराची उपयुक्तता’. ते घेऊन तलासरीकडच्या एका पाड्यावर ओळखीच्या आशाताईंकडे गेलो. त्यांनी शीर्षक शांतपणे वाचलं आणि विचारलं, ‘औषधरोधी म्हणजे औषध घेऊनही फिट थांबत नाही ते, ना? मग दिवाळीनंतर पोरगं आईबापाबरोबर वीटभट्टीवर जातं आणि गोळ्यांची पट्टी इथंच कुडाला खोचलेली राहते, त्याला काय म्हणायचं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना जो इतिहास वाचावा लागला तो आज तुमच्यासमोर ठेवतो. संशोधनाची तयारी करणाऱ्याला यात औषधविज्ञानापेक्षा जास्त काहीतरी सापडेल असं मला वाटतं.

आधी उपासापासून सुरुवात करू. उपास केला की फिट कमी होतात, हे निरीक्षण फार जुनं आहे. पण आधुनिक वैद्यकात त्याची नोंद झाली १९११ मध्ये, फ्रान्समध्ये. गेल्पा आणि मारी या दोन डॉक्टरांनी २० रुग्णांना उपास आणि शाकाहाराच्या पथ्यावर ठेवून फिट कमी झाल्याचं लिहिलं. पाठोपाठ अमेरिकेत मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथे ह्यू कॉंकलिन नावाचा ऑस्टिओपॅथ मुलांना १८ ते २५ दिवस नुसत्या पाण्यावर ठेवू लागला. त्याची उपपत्ती अशी की आतड्यातल्या पेयर्स पॅचेसमधून एक विष रक्तात जातं आणि फिट येते. आतड्याला विश्रांती दिली की विष बंद. उपपत्ती साफ चुकीची होती. फिट मात्र खरोखर कमी होत होत्या.

इथे जरा थांबा. चुकीच्या कारणासाठी दिलेला उपचार बरोबर निघू शकतो, ही गोष्ट आपल्याला रिसर्च मेथडॉलॉजीच्या तासाला कुणी सांगत नाही. कॉंकलिनला ‘भोंदू’ म्हणून बाजूला टाकलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. त्याच्या दाव्यांवर तसाच विश्वास ठेवला असता, तरीही नसतं. रॉल गेलिन या न्यूयॉर्कच्या डॉक्टरने तिसरा मार्ग घेतला. त्याने स्वतःच्या रुग्णांवर उपास करून पाहिला आणि १९२१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या अधिवेशनात आकडे मांडले. याच सुमारास चार्ल्स हाउलंड नावाच्या वकिलाचा मुलगा कॉंकलिनच्या उपासांनी सुधारला होता. या वकिलाचा सख्खा भाऊ जॉन हाउलंड हा जॉन्स हॉपकिन्समध्ये बालरोगाचा प्राध्यापक. वकिलाने भावाला ५,००० डॉलर दिले : हे का होतं ते शोधा. आजच्या भाषेत ही प्रोजेक्ट ग्रँट, आणि ती एका बापाने दिलेली.

पण मूल किती दिवस उपाशी ठेवणार? जेवायला लागलं की फिट परत यायच्या. १९२१ मध्येच मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डरने या अडचणीवर साधीच वाटणारी कल्पना मांडली. उपासात शरीर चरबी जाळतं, यकृतात कीटोन तयार होतात. मग जेवणातच भरपूर स्निग्ध आणि अगदी थोडं पिठूळ दिलं, तर न उपाशी राहता तीच अवस्था येईल. ‘कीटोजेनिक आहार’ हे नाव त्याचंच. वाइल्डर मधुमेहाचा माणूस होता, त्यामुळे त्याला कीटोन ओळखीचे होते. म्हणजे अपस्मारावरचा उपाय दुसऱ्याच खोलीतून आला. त्याचा सहकारी माइनी पीटरमन याने १९२४-२५ मध्ये हिशोब पक्का केला : मुलाच्या दर किलो वजनामागे १ ग्रॅम प्रथिनं, दिवसाला १० ते १५ ग्रॅम कर्बोदकं आणि उरलेली सगळी ऊर्जा स्निग्धातून.

हा हिशोब कागदावर छोटा दिसतो. तो स्वयंपाकघरात आणून पाहू, कारण ‘फॅट जास्त, कार्ब कमी’ एवढ्यावर थांबलेले बरेच सिनॉप्सिस मी पाहिले आहेत (पहिला माझाच).

रूढ प्रमाण ४:१. म्हणजे ४ ग्रॅम स्निग्धाला प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून १ ग्रॅम. ४ ग्रॅम स्निग्धाच्या ३६ कॅलरी, उरलेल्या १ ग्रॅमच्या ४, एकूण ४०. समजा सहा वर्षांचं, १६ किलोचं मूल आहे आणि त्याला दिवसाला १,२०० कॅलरी द्यायच्या आहेत. १,२०० भागिले ४० म्हणजे ३० एकक. झालं : १२० ग्रॅम स्निग्ध आणि ३० ग्रॅम प्रथिनं-कर्बोदकं मिळून. त्यातली १६ ग्रॅम प्रथिनं. कर्बोदकांना उरले १४ ग्रॅम. आता हे १४ ग्रॅम म्हणजे काय? साधारण १८ ग्रॅम तांदळाचं पीठ किंवा २० ग्रॅम नाचणी. तांदळाच्या एका भाकरीचा तिसरा हिस्सा, आणि तेवढ्यात पूर्ण दिवस. त्यातही भाजी, डाळ, शेंगदाणा यांचं काही ना काही जातंच. घोलवडचा एक चिकू खाल्ला की दिवसाचा कोटा संपला. उलट बाजूला १२० ग्रॅम स्निग्ध म्हणजे तेलाचे नऊ मोठे चमचे, रोज. महिन्याला एका मुलाला साडेतीन किलोच्या वर. ज्या घरात फोडणीचं तेल आठवडी बाजारात लहान बाटलीतून येतं, त्या घरात हा आकडा मोठ्याने वाचून दाखवा, मग कळेल तुमचं प्रपोजल किती खोल पाण्यात आहे.

बरं, नुसतं खाणं सांभाळून भागत नाही. औषधाच्या गोड सिरपमध्ये साखर असते, टूथपेस्टकडेही लक्ष ठेवावं लागतं. बद्धकोष्ठ, मूतखडा, रक्तातलं आम्ल वाढणं, वाढ मंदावणं हे दुष्परिणाम ठाऊक असलेले आहेत. स्निग्धाम्लं जाळण्याचा जन्मजात दोष असलेल्या मुलाला तर हा आहार जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी तपासण्या लागतात. जिममधल्या व्हिडिओतला ‘कीटो’ आणि हा आहार यांचं फक्त नाव एक आहे. कुणाच्या घरी फिट येणारं मूल असेल तर हा लेख वाचून प्रयोग करू नका. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघं सोबत असल्याशिवाय हा उपचार होत नाही.

परत इतिहासाकडे. वीस-तीसच्या दशकांत हा आहार अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयांत रूढ झाला. फेनोबार्बिटोन १९१२ पासून होतंच, पण त्याने गुंगी येई. मग १९३८ मध्ये मेरिट आणि पटनम यांनी फेनिटोइन आणलं आणि चित्र पालटलं. गोळी तोलावी लागत नाही. गोळीला आहारतज्ज्ञ लागत नाही, आईला दिवसभर चुलीपाशी वजनकाटा घेऊन बसावं लागत नाही. पुढच्या दशकांत एकेक नवं औषध आलं आणि आहार कोपऱ्यात गेला. तो फसवा ठरला म्हणून गेला नाही. तो करायला शिकवणारी माणसं कमी झाली, आणि नीट न केलेला आहार ‘चालत नाही’ असा अनुभव येऊ लागला. एखादी पद्धत पेपरमध्ये जिवंत आणि हातातून नाहीशी, असं होऊ शकतं.

मध्ये एक प्रयत्न झाला. १९७१ मध्ये पीटर हुटनलोकरने मध्यम लांबीच्या साखळीच्या स्निग्धाम्लांचं तेल वापरलं. त्यातून कीटोन जास्त बनतात, त्यामुळे ताटात थोडी जास्त कर्बोदकं मावतात. हे वाचून मला तेव्हा आनंदाने उडी मारावीशी वाटली होती : डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्याला नारळ आहे की! पण खोबरेल म्हणजे ते तेल नव्हे. हुटनलोकरच्या तेलात ८ आणि १० कार्बनची आम्लं मुख्य. खोबरेलात जवळपास निम्मं १२ कार्बनचं लॉरिक आम्ल आणि ती दोन मिळून जेमतेम सातवा-आठवा हिस्सा. माझी उडी तिथेच संपली. गंमत अशी की २०१६ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात आलेल्या कामात १० कार्बनचं डेकॅनोइक आम्ल मेंदूतल्या एएमपीए ग्राहकांना थेट अडवतं असं दिसलं. म्हणजे निदान त्या प्रकारात श्रेय फक्त कीटोनचं नसावं. शंभर वर्षांनंतरही ‘का’ हा प्रश्न उघडाच आहे.

आहार परत आला तो एका बापामुळेच. १९९३ मध्ये हॉलिवूडचा दिग्दर्शक जिम अब्राहम्स याच्या चार्ली या लहान मुलाच्या फिट कितीतरी औषधांनी आणि शस्त्रक्रियेनेही थांबत नव्हत्या. बापाने स्वतः ग्रंथालयात बसून जुनं वाङ्मय चाळलं, त्यात हा आहार सापडला, आणि तो मुलाला घेऊन जॉन्स हॉपकिन्सला जॉन फ्रीमन यांच्याकडे गेला. तिथे मिलिसेंट केली नावाच्या आहारतज्ज्ञ बाईंनी ही पद्धत हातात जिवंत ठेवली होती. चार्लीच्या फिट थांबल्या. १९९४ मध्ये चार्ली फाउंडेशन निघालं, १९९७ मध्ये मेरिल स्ट्रीपचा चित्रपट आला. १९९८ मध्ये फ्रीमन यांच्या गटाने १५० मुलांचा अभ्यास छापला : वर्षाअखेर सुमारे निम्म्या मुलांच्या फिट निम्म्याहून कमी झालेल्या.

तुमच्या लक्षात आलं का, इतका वेळ एकाही अभ्यासात तुलनेचा गट नाही! पहिली मोठी यादृच्छिक चाचणी आली २००८ मध्ये, लंडनहून, एलिझाबेथ नील आणि सहकाऱ्यांची. १४५ मुलं, ७३ आहारावर, ७२ तीन महिने नेहमीच्या उपचारावर. तीन महिन्यांनी निम्म्याहून जास्त घट झालेली मुलं आहारगटात ३८ टक्के, दुसऱ्या गटात ६ टक्के. वाइल्डरपासून इथपर्यंत ८७ वर्षं. मुलाखतीत ‘पुरावा म्हणजे काय’ असं विचारलं तर हे उदाहरण हाताशी ठेवा.

आणि आंधळी चाचणी? ताट कसं लपवणार? फ्रीमन यांच्या गटाने तेही करून पाहिलं. २००९ मध्ये छापलेल्या अभ्यासात लेनॉक्स-गॅस्टॉ सिंड्रोमच्या २० मुलांना आहारावर ठेवूनच एक पेय दिलं. कधी त्यात ग्लुकोज, कधी सॅकरिन. ग्लुकोजने कीटोन मोडतील आणि फिट वाढतील, असा अंदाज. दोन्हींत म्हणावा असा फरक दिसला नाही, कारण ग्लुकोज देऊनही कीटोन पुरते गेले नव्हते. प्रयोग फसला, पण कसा फसला हे त्यांनी स्वच्छ लिहिलं. मला हा पेपर ३८ टक्क्यांच्या पेपरइतकाच आवडतो.

आता आपल्याकडे. कुणीतरी हमखास म्हणतं, ‘हे आमच्या आयुर्वेदात आधीच आहे, अपस्माराला घृत सांगितलंय.’ चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात पंचगव्य घृतासारखी तुपं आहेत, हे खरं. पण तिथे तूप हे औषध वाहून नेणारं माध्यम आहे. धान्य तोलून जवळपास बंद करण्याचा विचार तिथला नाही. जुन्या ग्रंथाला त्याच्या काळाचं श्रेय द्यावं, आपल्या काळाचं चिकटवू नये.

महाराष्ट्रात हा आहार रुजवण्याचं नाव म्हणजे मुंबईचे डॉ. जनक नाथन. दादरच्या सहकारी तत्त्वावर उभ्या राहिलेल्या शुश्रूषा रुग्णालयात त्यांनी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम सुरू केलं. क्रीम-अंडी-बेकनचा अमेरिकी तक्ता भारतीय घरात कसा बसवायचा, हा त्यांच्यासमोरचा प्रश्न होता. आपल्या केंद्रातल्या मुलांचा अनुभव त्यांनी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘इंडियन पेडिअॅट्रिक्स’मध्ये मांडला. पुढची मोठी कामं दिल्लीची. २०१३ मध्ये एम्सच्या शेफाली गुलाटी, सुव्वसिनी शर्मा आणि सहकाऱ्यांनी १०२ मुलांवर सुधारित अॅटकिन्स आहाराची चाचणी छापली. यात काटा कमी, नियम सैल. फक्त कर्बोदकांवर कडक मर्यादा. तीन महिन्यांनी निम्म्याहून जास्त घट आहारगटात ५२ टक्के मुलांत, दुसऱ्या गटात ११.५ टक्के. २०२० मध्ये त्याच संस्थेतून तीन आहारांची तुलना आली, १७० मुलं, २४ आठवडे. फिटमधली मध्यक घट रूढ कीटोजेनिकमध्ये ६६ टक्के, सुधारित अॅटकिन्समध्ये ४५, आणि कमी ग्लायसेमिक निर्देशांकाच्या आहारात ५४. या शेवटच्यात दुष्परिणाम कमी.

पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा पेपर २०१६ चा आहे, सुव्वसिनी शर्मा आणि सहकाऱ्यांचाच. प्रश्न असा : ज्या पालकांना फारसं लिहिता-वाचता येत नाही त्यांना हा आहार करता येईल का? त्यांनी तक्ते सोपे केले, वजनाच्या जागी घरातली मापं आणली, आणि यादृच्छिक चाचणीत तो आहार उपयोगी ठरला. वाचताना मला कोसबाडची टेकडी आठवली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीहून १९५७ मध्ये काम कोसबाडला नेलं तेव्हा माँटेसरीची महाग साधनं पाड्यावर परवडणार नव्हती. त्यांनी शिंपले, खडे, पानं, बिया वापरल्या आणि शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पद्धतीचा गाभा ठेवून साधन बदलायचं, हे आमच्या तालुक्यात साठ-सत्तर वर्षांपूर्वी होऊन गेलेलं आहे.

म्हणून मी वारली घरातल्या ताटाकडे नव्याने पाहिलं. सुकट, बोंबील, खेकडे, अंडं, कोंबडी यांना इथे मनाई नाही, त्यामुळे प्रथिनांची अडचण शाकाहारी घरापेक्षा कमी. अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून अंडं मिळतं. अडतं ते तेलाशी. आणि त्याहून जास्त अडतं ते सामुदायिक जेवणाशी : अंगणवाडीची खिचडी, आश्रमशाळेतला भात. आठ वर्षांचं मूल आश्रमशाळेत राहत असेल तर त्याचं ताट कोण तोलणार? आणि ज्याचं वजन आधीच वयाच्या मानाने कमी आहे, त्याला वाढ मंदावू शकणारा आहार कोणत्या तोंडाने सुचवायचा? २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, दादर गाठणं सोपं झालं; पण तलासरीच्या आतल्या पाड्यावरून स्टेशन गाठणं हाच अर्धा दिवस. बरेच जण त्यापेक्षा वापी किंवा सिल्वासा गाठतात.

आता आशाताईंच्या प्रश्नाकडे. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०१० मध्ये औषधरोधी अपस्माराची व्याख्या केली : योग्य निवडलेली, सोसलेली आणि नीट वापरलेली दोन औषधं देऊनही फिट न थांबणं. ‘नीट वापरलेली’ हे दोन शब्द मी दहा वेळा वाचले असतील, पण त्यांच्यावरून डोळे घसरत गेले. दिल्ली-लंडनच्या चाचण्यांत आलेलं मूल औषधांच्या गाळणीतून आधीच गेलेलं असतं. भट्टीवर सहा महिने जाणाऱ्या, बाप गुजरातच्या बोटींवर असलेल्या मुलाच्या फिट औषधाला दाद देत नाहीत की औषध त्याच्यापर्यंत सलग पोचतच नाही, हे ठरवल्याशिवाय त्याला ‘रोधी’ म्हणणं म्हणजे आपल्या व्यवस्थेचा दोष त्याच्या मेंदूवर टाकणं. फेनोबार्बिटोन, फेनिटोइन, कार्बामाझेपिन, व्हॅलप्रोएट ही सगळी राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. ज्या मुलाची फिट यांतल्या एका गोळीने थांबली असती, त्याच्या आईला मी दिवसाला नऊ चमचे तेल सांगायला निघालो होतो.

याचा अर्थ आहार शहरासाठी आणि गोळी पाड्यासाठी, असा मी लावत नाही. नियमित औषध घेऊनही फिट न थांबणारी मुलं इथेही असणारच, आणि त्यांचा त्या २०१६ च्या सोप्या तक्त्यावर दादरच्या मुलांइतकाच हक्क आहे. फक्त ती कोणती, हे आधी शोधावं लागेल. गाईडना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘म्हणजे तुझा तिसरा चॅप्टर आता पहिला झाला.’ शीर्षक बदललं, क्षेत्र तेच राहिलं, एक वर्ष वाढलं.

सध्या आशाताईंबरोबर बसून प्रश्नावली करतोय. मी पहिला रकाना ‘फिटचा प्रकार’ असा ठेवला होता. त्यांनी तो खोडून खाली सरकवला आणि वर लिहिलं : ‘गेल्या दिवाळीपासून मूल घरी किती दिवस होतं? गोळ्या बरोबर होत्या का?’